खाऱ्या पाण्याची ऊब

सिंधुला लातुरात येऊन पाच-सहा महिने झाले, तरी दुपारचं काय करायचं ते तिला अजून उमगलं नव्हतं. हिमायतनगरच्या पलीकडं त्यांचं शेत होतं. तिथं दुपार म्हणून वेगळी काही नसायचीच. कापूस वेचता वेचता, हळदीला पाणी देता देता दिवस कलायचा. इथं मात्र ऋतुजा सकाळी डबा घेऊन क्लासला गेली, की खोलीत सिंधु आणि चार भिंती. भांडी घासून व्हायची, कपडे वाळत पडायचे, पुसलेला ओटा ती पुन्हा पुसायची. गॅलरीत जायची, पाठीला सॅक लावून जाणारी पोरंपोरी बघायची, आत यायची, पुन्हा बाहेर जायची.

ऋतुजा तिची थोरली. बारावीनंतर मेडिकलच्या परीक्षेत कमी पडली, म्हणून आणखी एक वर्ष लातूरला तयारी. मागच्या वर्षी होस्टेलात राहून पोरगी वाळून गेली होती. तेव्हा सिंधुचा नवरा शेषेराव म्हणाला, "यंदा तू जा तिच्यासंगं. खायाप्यायाचं बघ, ध्यान ठेव. शेताचं मी बघतो."

सिंधु आली. पण ध्यान ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ती ऋतुजाच्या ताटातली भाकरी बघायची, डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघायची, पुस्तकाचं पान उलटतंय का ते बघायची. ऋतुजा म्हणायची, "आई, अशी बघत नको ना राहूस." मग सिंधु भिंतीकडं तोंड करून पडायची आणि कानांनी बघत राहायची.

शेजारच्या खोलीत अनिमेष नावाचा नांदेडचा मुलगा राहायचा. त्याचे आईवडील दोघंही प्राध्यापक. दिवाळीनंतर एके दिवशी ते गाडी घेऊन आले. पोरगा जेवत नव्हता, टेस्टच्या दिवशी वर्गाच्या दारातून परत फिरत होता, असं खाली राहणाऱ्या घरमालकीण महानंदाताईंनी सिंधुला हळूच सांगितलं. वडील न बोलता बॅगा खाली नेत होते. आई त्याच्या पाठीवरचा हात काढत नव्हती. आणि अनिमेष टेबलावरच्या एका छोट्या काचेच्या टाकीपुढं उभा होता, हलत नव्हता.

"हे राहू दे आता," वडील म्हणाले. "घरी गेल्यावर दुसरं घेऊ."

"दुसरं घ्यायला ती काय खुर्ची आहे?" अनिमेष म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला.

सिंधु दारात उभी होती. तिला राहवलं नाही. "काय हाय रे त्याच्यात?"

तो वळला. "समुद्र आहे, काकू. म्हणजे, मीठ घालून केलेला."

टाकी घागरभर पाण्याची. तळाशी पांढरी वाळू, एक खडबडीत दगड, त्यावर हिरवट फुलांसारखे काही जीव. फुलं नव्हेत, प्राणी आहेत, असं तो म्हणाला. शंखात राहणारा एक खेकडा. आणि दगडाच्या कडेला बसलेला, हळकुंडाच्या तुकड्याएवढा आणि तसाच पिवळा, एक मासा.

"गाडीत हेलकावे खाऊन मरेल तो," अनिमेष म्हणाला. "तुम्ही ठेवाल?"

आतून ऋतुजानं ओरडून सांगितलं, "आई, नको! आपल्याला कुठं वेळ आहे?"

"तुला न्हाई. मला हाय की," सिंधु म्हणाली.

जाण्याआधी अनिमेषनं तिला सगळं समजावलं. पाणी उडून कमी झालं, की वरून साधं गोडं पाणी घालायचं. मीठ उडत नाही, ते खालीच राहतं. खाणं चिमटीपेक्षा कमी. आणि सगळ्यात जपायचं ते उबेला. मोठ्या टाकीचं पाणी हळू तापतं, हळू निवतं. एवढ्याशा पाण्याला दम नसतो. खिडकी उघडी राहिली तरी गार पडतं. मासा समुद्रातला, त्याला सव्वीस डिग्रीची सवय. काचेला आतून एक थर्मामीटर चिकटवलेला होता आणि कोपऱ्यात बोटाएवढी काचेची नळी उभी होती. तो हीटर. पाणी थंड झालं की आपोआप सुरू, गरम झालं की आपोआप बंद. "फक्त त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका, काकू," अनिमेष म्हणाला आणि आपला नंबर देऊन गेला.

सिंधुच्या दुपारींना काम मिळालं. पण जीव निवांत झाला, असं नाही. उलट एक घोर वाढला. भाजी आणायला गोलाईच्या बाजारात गेली तरी अर्ध्या रस्त्यात तिला वाटायचं, लाइट गेली असेल. घाईघाईनं माघारी यायची, पिशवी न ठेवताच थर्मामीटर बघायची. मार्गशीर्षात थंडी पडली. त्यांच्या खोलीची खिडकी पत्र्याची, फटीतून वारा यायचा. सिंधुनं टाकी खिडकीपासून हलवली, महानंदाताईंकडून टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल मागून आणलं आणि तीन बाजूंनी लावलं.

"ह्ये काय करून राहिलीस बाई?" महानंदाताई वर बघायला आल्या. त्यांचा पहिला नियम, खोलीत कॉइल नाही, शेगडी नाही. पाण्यातला लाल दिवा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अन् ह्ये? हीटर लावलास?"

"माशाचा हाय, ताई. आपल्या झिरोच्या बल्बाहून थोडा जास्त खातो."

महानंदाताई वाकल्या. मासा काचेपाशी आला आणि त्यांच्याकडं बघू लागला. त्या बराच वेळ वाकूनच राहिल्या. "अगं बया, डोळे फिरवतोय की," त्या म्हणाल्या आणि कॉइलचा विषय तिथंच राहिला. त्यानंतर त्याही कधी कधी वर येऊन बसायच्या.

मग एका सकाळी तो लाल दिवा लागलाच नाही. पाणी एकवीसवर आलं होतं. मासा दगडाच्या फटीत घुसून बसलेला, खेकडा शंखात आत. सिंधुनं अनिमेषला फोन लावला. तोवर तिनं दोनदाच केला होता आणि दोन्ही वेळा त्याच्या आईनं उचलून "तो झोपलाय" म्हटलं होतं. या वेळी त्यानं स्वतः उचलला.

"बाटलीत कोमट पाणी भरा, झाकण घट्ट लावा आणि ती टाकीत तरंगत ठेवा. पाण्यात पाणी ओतू नका. हळूहळू वाढवा, एकदम नाही. आणि नवा हीटर आणा, काकू, पण लहानच बघा. सगळ्यात लहान."

सिंधु बाटल्या बदलत राहिली. एक निवली की दुसरी. दुपारी ती माशांच्या दुकानात गेली. तिथं सगळे मासे गोड्या पाण्यातले, मोठमोठ्या टाक्या. दुकानदार म्हणाला, "लहान हीटर संपला, मावशी. पुढच्या आठवड्यात येईल. हा घेऊन जा, जरा मोठा आहे, पण आपोआप बंद होतो." बाहेर वारा झोंबत होता. पुढच्या आठवड्यापर्यंत बाटल्या किती बदलायच्या? सिंधुनं तो घेतला. संध्याकाळभर त्याच्यापुढं बसून राहिली. सव्वीस झालं, लाल दिवा विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. तिनं श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी वेळा अमावस्या होती. त्या दिवशी लातुरात कुणी राहत नाही, सगळं शहर शेतात जातं. महानंदाताईंचं शेत औशाजवळ. "तू येणारच," त्यांनी आधीपासून सांगून ठेवलं होतं. ऋतुजाच्या क्लासला मात्र सुट्टी नव्हती. बाहेरगावची पोरं जास्त, त्यांना अमावस्येचं काय, म्हणून मोठी टेस्ट ठेवली होती. ती सकाळीच गेली. जाताना म्हणाली, "फोन दारातच जमा करून घेतात, आई. लागला नाही तर घाबरू नको."

सिंधुनं निघण्याआधी थर्मामीटर बघितला. जिन्यातून परत येऊन एकदा बघितला. खाली महानंदाताईंच्या नवऱ्यानं, मन्मथअप्पांनी, जीपचा हॉर्न वाजवला तेव्हा कुठं ती निघाली.

शेतात पाऊल पडल्यावर तिचे पाय आपोआप हलके झाले. हरभरा घाट्यावर आला होता, ज्वारी निसवली होती. कडब्याच्या खोपीत पूजा मांडली होती. आंबिलाचा माठ, भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे. सिंधुकडं हा सण नव्हता. तिनं बायकांना विचारून विचारून सगळं केलं, पुरुषांबरोबर आंबील शिंपडत बांधावरून फिरली, कुणाच्या तरी लेकराला खांद्यावर घेतलं. कित्येक महिन्यांनंतर तिच्या टाचांना माती लागली होती. तरीही मधूनच तिचा हात थांबायचा. दुकानदार म्हणाला, आपोआप बंद होतो. अनिमेष म्हणाला होता, विश्वास ठेवू नका.

पंगत बसली होती. सिंधुच्या पत्रावळीवर भज्जी वाढलेली आणि फोन वाजला. ऋतुजाचा.

"आई, हीटर बंद होत नाहीये. पाणी बत्तीसच्या वर गेलंय. मी पिन काढली. मासा वर येऊन तोंड उघडतोय. बर्फ आणलाय, टाकू का आत?"

"नको! बर्फ नको!" सिंधु ताडकन उभी राहिली. "बाटलीत भर अन् बाटली सोड. पाणी हलवत राहा वाटीनं, वरून वारा घाल. एकदम गार नको करू. अनिमेषला फोन लाव, नंबर खिडकीत लावलाय."

"बरं."

"अन् ऋतुजा..."

बोलता बोलता सिंधुला उमगलं. फोन दारात जमा असतो. टेस्ट अजून सुटली नसेल.

"तू खोलीवर हाईस?"

पलीकडं नुसता वाटीनं पाणी ढवळल्याचा आवाज येत होता.

"हो," ऋतुजा म्हणाली. फोन बंद झाला.

सिंधुनं महानंदाताईंना एवढंच सांगितलं, की पोरीला बरं नाही. मन्मथअप्पा जेवणावरून उठायला लागले, तिनं त्यांना उठू दिलं नाही. महानंदाताईंच्या चुलत दिरानं तिला मोटारसायकलवर औशापर्यंत सोडलं. तिथून एका टमटममध्ये ती एकटीच. समोरून गाड्याच्या गाड्या शेताकडं चाललेल्या, माणसं टपावरसुद्धा, आणि लातूरकडं जाणारा रस्ता मोकळा. आधी तिला राग आला. आम्ही तिकडं रक्त आटवतो आणि ही अशी. मग राग उतरला आणि त्याच्या जागी दुसरंच काही आलं. वर्गाच्या दारातून परत फिरत होता. महानंदाताई अनिमेषबद्दल म्हणाल्या होत्या. "जरा लवकर घ्या की भाऊ," ती टमटमवाल्याला म्हणत राहिली. तो म्हणाला, "बाई, विमान न्हाई हे."

दार उघडंच होतं. ऋतुजा टाकीपाशी गुडघ्यांवर बसली होती. एका हातानं वाटीनं पाणी उचलून सोडत होती, दुसऱ्या हातातल्या वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होती. केस चेहऱ्याला चिकटलेले. पाण्यात बर्फाची बाटली तरंगत होती. तिनं आईकडं बघितलं नाही.

"तीस," ती म्हणाली. "अनिमेष म्हणाला, घाईनं खाली आणायचं नाही. आता बाटली काढते थोडा वेळ."

सिंधु तिच्या शेजारी बसली आणि पुठ्ठा आपल्या हातात घेतला. मासा काचेला खालच्या बाजूला चिकटून होता, कल्ले भराभर हलत होते. खेकडा शंखातून अर्धा बाहेर. बाटली आत, बाटली बाहेर. उन्हं खिडकीतून सरकत भिंतीवर गेली. पाणी सव्वीसला आलं, तेव्हा मासा एकदा उडी मारल्यासारखा दगडावर गेला आणि तिथं बसून राहिला. सिंधुच्या हाताला पुठ्ठा धरून वळ पडले होते.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दिवाळी झाल्यावर."

"मग दिवसभर असतीस कुठं?"

"फिरते. वाचनालयात बसते. बसस्टँडवर बसते. तू बाहेर गेलीस की कधी कधी इथं येऊन झोपते. आजपण तुमची जीप गेली ती बघून वर आले. झोपले होते. जाग आली तर काचेवर वाफ."

"मला सांगायचंस की."

"कसं सांगू?" ऋतुजाचा आवाज चढला. "तू शेत सोडून आलीस. दिवसभर या खोलीत येरझाऱ्या घालतीस, ते मला दिसत नाही का? रोज संध्याकाळी दारात उभी असतीस, माझ्या तोंडाकडं बघत. वर्गात शिरलं की माझा श्वास अडकतो, आई. पेपर समोर आला की अक्षरं दिसतात, पण वाचता येत नाहीत. आणि घरी आलं की तुझं तोंड."

सिंधुला ते लागलं. ती उठली, गॅलरीत गेली, परत आली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"मग आज फोन कसा केलास?" तिनं विचारलं. "न्हाई केला असता तर मला कळलं नसतं. मासा मेला म्हणून मी हीटरला शिव्या घातल्या असत्या."

"माहीत होतं मला." ऋतुजानं ओली बाही डोळ्यांना लावली. "फोन हातात घेऊन बसले होते. वाटलं, पिन काढावी आणि निघून जावं. पण बर्फ टाकायचा का नाही तेच कळेना. तो सारखा वर येत होता, तोंड उघडत होता. मग लावला."

सिंधुनं तिला जवळ ओढलं. ऋतुजा रडली, आवाज न करता, खूप वेळ. सिंधुच्या साडीला अजून आंबिलाचा वास होता.

शेषेरावला सांगायचं काम सिंधुनं केलं. तो बसनं आला, कॉटच्या कडेला बसला, पटका मांडीवर ठेवला. ऋतुजानं चहा केला. त्यानं कप हातात धरून ठेवला, प्याला नाही.

"मंग काय ठरवलंस?" शेवटी त्यानं विचारलं.

ऋतुजा उभीच होती. "क्लासला जाणार नाही, बाबा. एका मॅडमकडं चार-पाच जणीच असतात, तिथं जाईन. परीक्षा देईन. डॉक्टरलाही दाखवीन, श्वासाचं. अनिमेषनं इथल्या एका बाईंचं नाव दिलंय." तिनं आईकडं बघितलं. "पण आईला तुम्ही गावी न्या."

सिंधु चटकन पुढं आली. "मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस. तू इथं सुकून चाललीस, आणि मी ते बघते, आणि मग माझ्यानं काहीच होत नाही."

"एकटी ठेवू हिला? अशा टायमाला?" सिंधु नवऱ्याकडं वळली. "तुम्ही बोला की."

शेषेरावनं चहा खाली ठेवला. "अन् न्हाई जमलं तर?" त्यानं पोरीला विचारलं.

"तर गावी येऊन सांगीन. लपवणार नाही."

"लपवू नको," तो म्हणाला. "बाकी मी बघतो गावात कुणाला काय सांगायचं ते."

तरी सिंधु आणखी काही दिवस राहिली. ऋतुजाबरोबर डॉक्टरीणबाईंकडं गेली, त्यांना चार वेळा तेच तेच विचारलं. लहान हीटर आला, तो बसवला; टाकी आता ऋतुजाच बघणार होती. महानंदाताईंनी जेवायला पोरगी खाली येईल, मी बघीन, असं सांगितलं. तरी तिचं मन धजेना. शेवटी तिनं गॅलरीत जाऊन अनिमेषला फोन लावला.

"जाऊ का रे मी?" तिनं विचारलं. एवढ्याशा पोराला हे विचारतेय याची तिला लाजही वाटली.

"काकू, माझी आई अजून माझ्या दाराबाहेर उभी असते. तिची सावली फटीतून दिसते मला. ती आहे म्हणून बरंही वाटतं आणि झोपही येत नाही. तुम्ही रोज फोन करा. खरं काय ते विचारा. जेवली का, अभ्यास झाला का, एवढंच नका विचारू."

"मंग काय विचारू?"

"मलाही नाही माहीत," अनिमेष म्हणाला आणि पहिल्यांदाच थोडं हसला.

नांदेडच्या बसला ऋतुजा सोडायला आली. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली, मग हात हलवून वळली आणि गर्दीत भराभर चालू लागली. सिंधु मान वळवून बघत राहिली, तोवर बस वळली.

चाकूर गेलं. अहमदपूरला बस थांबली तेव्हा ती उतरली, फोन काढला, परत ठेवला, वर चढली. लोह्याच्या अलीकडं पुन्हा उठून पिशवी खाली घेतली, उगाच तपासली, वर ठेवली. शेजारी एक म्हातारी बसली होती.

"बाई, मघापासून उठबस करून राहिलीस," ती म्हणाली. "घरी कुणी आजारी हाय का?"

"न्हाई," सिंधु म्हणाली. "पोरगी लातूरला असती."

"एकटी?"

रस्त्याच्या कडेला कापसाची शेतं होती, शेवटची वेचणी चालली होती. बायका वाकलेल्या, पाठीला कापसानं भरलेले ओटे.

"हाव," ती म्हणाली. "एकटी."

म्हातारीनं तिच्याकडं नीट बघितलं, आपलं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं आणि सरकून तिला खिडकीची जागा दिली.